आपलीच पोरं आहेत, साहेब!

आपली गल्ली शांत, सुरक्षित आणि सुसंस्कृत असावी असे ज्यांना मनापासून वाटते, पण त्यासाठी स्वतःवर काही करण्याची पाळी येऊ नये असेही ज्यांना तितक्याच मनापासून वाटते, अशा सभ्य गृहस्थांसाठी या सूचना आहेत. कोल्हापुरात अशा गृहस्थांची वानवा नाही. ते शिवाजी पेठेत राहणारे असोत, राजारामपुरीतल्या एखाद्या गल्लीतले असोत की शहराच्या कडेला नव्याने वसलेल्या कॉलनीतले असोत, त्यांचे गाऱ्हाणे एकच असते: रात्री अकरानंतर कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर टोळके जमते, सायलेन्सरची पुंगळी काढलेली बुलेट फटाके फोडत गल्लीतून फेऱ्या मारते, शाळेच्या पटांगणात सकाळी बाटल्या सापडतात, आणि पोलीस काहीच करत नाहीत. यातल्या शेवटच्या मुद्द्यावर सर्वांचे एकमत असते. हे एकमत फार मोलाचे आहे आणि ते कोणत्याही कारणाने भंगू देऊ नये.

त्यासाठी टोळक्यातल्या कुणालाही न ओळखण्याची सवय लावून घ्यावी. वास्तविक ती पोरे आपल्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी झालेली असतात. त्यांतल्या निम्म्यांच्या बारशाला आपण जेवलेलो असतो. तरीही पोलिसांनी विचारले असता ‘बाहेरची पोरं येतात हो’ असेच सांगावे. मंगळवार पेठेने शुक्रवार पेठेकडे बोट दाखवावे, शुक्रवार पेठेने मंगळवार पेठेकडे. अशा रीतीने शहरातली सगळीच पोरे बाहेरची ठरतात, आणि रोज रात्री कोल्हापुरात हुल्लडबाजी करायला नेमके कोण आणि कुठून येते, हे कोडे पोलिसांवर सोपवून आपल्याला निवांत पडता येते.

गोंगाटामुळे तेही जमेनासे झाले, तर ११२ हा क्रमांक आहेच. फोन लागला की जवळच्या गाडीला निरोप जातो आणि पुष्कळदा गाडी येतेही, म्हणून येथे विशेष सावध राहावे. गाडीचा उजेड कट्ट्यावर पडतो, पोरे उठून उभी राहतात, ग्लास पायाने गटारीकडे सरकवले जातात, आणि खाली उतरलेला अंमलदार वरच्या मजल्यांकडे पाहत मोठ्याने विचारतो, ‘फोन कुणी केलाय?’ त्या क्षणी गल्लीतले सगळे दिवे विझले पाहिजेत. ज्याने फोन केला असेल त्याने तर आपला दिवा सर्वांत आधी विझवावा आणि सकाळी दुधाच्या रांगेत आपणच पुढे होऊन चारचौघांना विचारावे, ‘रात्री गाडी कशाला आलती म्हणायची?’ जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिवर्धकांच्या एका प्रकरणात, तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी आणि ती कळलीच तर गोंगाट करणाऱ्याच्या कानावर जाऊ देऊ नये, असे पोलिसांना बजावले आहे. हा निकाल शक्यतो अंमलदाराच्या निदर्शनास आणू नये. त्याने तो पाळायला सुरुवात केली, तर ‘नाव फुटते म्हणून आम्ही गप्प बसतो’ ही आपली सबब उरणार नाही, आणि उतारवयात नवी सबब शोधणे जड जाते.

एवढे करूनही कुणाला पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची हौस असेल, तर त्याने निदान एकट्याने जावे. शिवीगाळ, दमदाटी, साधी मारहाण हे गुन्हे अदखलपात्र असल्यामुळे ठाण्यात त्यांची एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, केली जाते, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना पुढचा तपास करता येत नाही. तो आदेश मागायला आपण न्यायालयात जाऊ शकतो, हे तिथे सहसा कुणी सांगत नाही आणि आपणही खोदून विचारू नये. एनसीची प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून वीजबिलांच्या फायलीत ठेवावी आणि पाहुणे आले की काढून दाखवावी. एकत्र जाण्यातला धोका मात्र नीट समजून घ्या. एकाच पोराविरुद्ध चार घरांच्या नोंदी झाल्या, की पोलिसांना चॅप्टर केस करायला, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०७ आणि ११० किंवा आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १२६ आणि १२९ कलमाखाली त्याला कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करून चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घ्यायला आधार मिळतो. असा बाँड लिहून दिलेला पोरगा बिथरण्याऐवजी काही दिवस खरोखरच गप्प बसतो, असा अनुभव आहे. मग आपल्याला तक्रारीला जागा राहत नाही.

याच्या वरची पायरी तडीपारीची. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ५६ खाली सराइताला जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी हद्दपार करता येते, आणि ते कलम वाचताना आपल्या कायदेकर्त्यांच्या मनुष्यस्वभावाच्या जाणकारीने थक्क व्हायला होते. जिवाच्या आणि मालमत्तेच्या भीतीने साक्षीदार उघडपणे पुढे यायला तयार नसतात, ही गोष्ट त्या कलमात कारवाईची एक अट म्हणूनच लिहून ठेवली आहे. १९५१ साली आपल्यापैकी बहुतेकांचा जन्मही झालेला नव्हता, आणि कायद्याने आपल्याला नेमके ओळखले होते! तेव्हा गुपचूप, बंद खोलीत, नाव न घालता जबाब द्यायची सोय असली तरी त्याही वेळी गावाला गेलेले बरे. तडीपार झालेला गडी कागलच्या पुढे जाऊन निपाणीला राहतो आणि गौरीच्या जेवणाला घरी येतो, हे साऱ्या गल्लीला ठाऊक असते. तो दारात दिसला, तर ‘कधी आलास?’ असे विचारून त्याला अडचणीत आणू नये. ‘जेवलास का?’ असे विचारावे.

आता वाढदिवसाकडे वळू. हा विषय सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण आपल्या सामाजिक जीवनात आज त्याच्याइतका नेमाने पाळला जाणारा दुसरा सण नाही. रात्री बाराच्या ठोक्याला रस्त्यात आडव्या लावलेल्या दुचाकीच्या सीटवर केक ठेवला जातो. केक अर्ध्या किलोचा असतो आणि तो कापायची तलवार तीन फुटांची असते, त्यामुळे पहिल्याच घावात केकची आणि सीटच्या रेक्झिनची एकदमच वाट लागते. उरलेला केक उत्सवमूर्तीच्या केसांत जातो, फोमच्या फवाऱ्याने शेजारच्या भिंती पांढऱ्या होतात, आणि मोबाईल धरलेला एक जण ‘भावा, परत एकदा वर धर’ असे म्हणत तलवार दोनदा-तीनदा उचलायला लावतो, कारण पहिल्या वेळी चेहऱ्यावर उजेड नीट पडलेला नसतो. दुसऱ्या दिवशी ती चित्रफीत पोलिसांच्या हाती लागते, शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होतो, आणि हात जोडून माफी मागणाऱ्या त्याच भाईची दुसरी चित्रफीत पहिलीपेक्षा जास्त पाहिली जाते. आपण दोन्ही पुढे पाठवाव्यात. पहिलीखाली ‘नाद खुळा’ लिहावे आणि दुसरीखाली ‘खाकीचा दणका’.

वाढदिवसाचा फ्लेक्स तर अभ्यासाचा विषय आहे. वर दैवत, त्याखाली महापुरुष, त्याखाली नेते, मध्ये काळा गॉगल घातलेला भाई आणि तळाला शुभेच्छुकांचे तिकिटाएवढे फोटो, अशी त्याची रचना ठरलेली असते. विद्रूपीकरणाला प्रतिबंध करणारा कायदा १९९५ पासून अस्तित्वात आहे, पण फ्लेक्स लावणारे आणि तो उतरवायला येणारे यांच्यात एवढी समज असते की वाढदिवस उलटल्याशिवाय कुणाची शिडी चढत नाही. खरे पाहता या फलकांचे पोलिसांवर थोर उपकार आहेत. टोळीत कोण कोण आहे, कुणाचे टोपणनाव काय आणि कुणाच्या मागे कुणाचा हात आहे, ही सारी माहिती छायाचित्रांसह, रंगीत आणि बिनखर्चाने भर चौकात लावून मिळते. खबऱ्यांना द्यायचे पैसे वाचतात.

तळाच्या रांगेत आपल्या चिरंजीवांचा फोटो आढळला तर गडबडून जाऊ नये. त्याला ‘समाजकार्याची आवड आहे’ असे म्हणावे. आणि एखाद्या रात्री पोलिसांनी कट्ट्यावरून सातआठ जणांना गाडीत घातले आणि त्यांत तो निघाला, तर मात्र आतापर्यंतच्या सगळ्या सूचना बाजूला ठेवून ताबडतोब कामाला लागावे. पोलीस काहीच करत नाहीत, असे म्हणणारा गृहस्थ या प्रसंगी ज्या चपळाईने फोन फिरवतो, ती पाहण्यासारखी असते. नगरसेवक, माजी नगरसेवक आणि भावी नगरसेवक या क्रमाने फोन लावावेत. भावी नगरसेवक पहिल्याच रिंगला उचलतो. तो ठाण्यात येतो, खुर्ची ओढून बसतो, चहा सांगतो आणि म्हणतो, ‘साहेब, आपलीच पोरं हाईत. चुकून बसली असतील. जरा बघा की.’ साहेब वर बघतात, खाली बघतात, स्टेशन डायरीकडे बघतात. मग पोरांना चार समजुतीच्या गोष्टी सांगून, वडीलधाऱ्यांच्या ताब्यात देऊन सोडले जाते. त्याच गाडीतून आलेला, ज्याच्यासाठी कुणाचाच फोन येत नाही असा एखादा हातगाडीवाल्याचा पोरगा तेवढा बाकावर बसून राहतो. सकाळी त्याच्यावर कारवाई झाल्याची बातमी आली, की ‘पोलिसांनी आता कुठे हातपाय हलवले’ असे समाधान व्यक्त करायला हरकत नाही. मला विचाराल तर ठाण्यातल्या अंमलदारांची या बाबतीत कीवच येते. रात्रभर फिरून धरलेली पोरे चहा निवायच्या आत घरी जातात आणि ती पुन्हा का सुटली म्हणून सकाळी बोलणी खायला त्यांनाच उभे राहावे लागते.

गणेशोत्सवाआधी शांतता समितीची बैठक भरते. तिला मात्र आवर्जून जावे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला बंदी आहे, आणि वर्षातले मोजके १५ दिवस काय ते रात्री १२ पर्यंत सवलत देता येते, हे सारे अधिकारी तिथे वाचून दाखवतात. आपण उठून, नियम मोडणाऱ्या मंडळांवर सरसकट कारवाई व्हावी, अशी ठणठणीत मागणी करावी आणि खाली बसताना शेजारच्याला हळूच सांगावे की आपल्या मंडळाची सिस्टीम यंदा सांगलीहून येते आहे.

याच संदर्भात भिवंडीचे उदाहरण कुणी काढले तर विषय बदलावा. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या त्या गावात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, त्यांची सूत्रे बीटवरच्या साध्या हवालदाराकडे दिली आणि पुढाऱ्यांऐवजी वस्तीतल्या सामान्य माणसांना एकत्र बसवले. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. ही पद्धत आपल्याकडे आणणे अतिशय गैरसोयीचे आहे. हवालदाराने दर आठवड्याला आपल्याच ओसरीवर येऊन बसायचे आणि कोपऱ्यावरच्या पोराचे नाव, बापाचे नाव आणि तो कामाला का जात नाही हे आपल्यालाच विचारायचे, म्हणजे ‘बाहेरची पोरं’ शिल्लकच राहत नाहीत.

राजर्षी शाहू महाराजांचे नाव भाषणात घ्यावे, ते घेतल्याशिवाय कोल्हापुरात भाषण पुरे होत नाही. मात्र हजेरीची गोष्ट सांगू नये. ज्या जातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारून त्यांना रोज चावडीवर हजेरी द्यायला लावले जात होते, त्यांची ती हजेरी महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात बंद केली. फासेपारध्यांना सोनतळीला घरे दिली आणि ज्यांच्यापासून लोक आपली घरे राखत, त्यांनाच पहाऱ्याची कामे दिली. असले काही आज सुचवले, तर कट्ट्यावरच्या पोरांना कामधंदा कोण देणार, असा प्रश्न निघतो, आणि सभागृहात बसलेल्या कारखानदारांची व दुकानदारांची उगाच चुळबुळ होते. त्यापेक्षा सीसीटीव्ही कॅमेरे मागावेत. कॅमेऱ्याला कुणाचे बारसे ठाऊक नसते.

शेवटी चिरंजीवांच्या भवितव्याविषयी. तो सकाळी मैदानावर सोळाशे मीटर पळतो, गोळा फेकतो आणि पोलीस भरतीची तयारी करतो. रात्री कट्ट्यावर बसतो ते फक्त थकवा घालवायला. अंगावर केस लागली तर चारित्र्य पडताळणीत अडकेल, एवढे कारण कोणत्याही ठाण्यात आणि कोणत्याही तक्रारदाराच्या घरी चालते. ज्या बाईंच्या खिडकीची काच फुटली, त्यांना ‘पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे, वहिनी’ असे सांगून काचेचे पैसे द्यावेत आणि तक्रार मागे घ्यायला लावावी. पुढे तो भरती होतो, अंगावर खाकी चढते, गल्लीत त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो, आणि बदली होऊन तो दुसऱ्याच कुठल्या गावी, दुसऱ्याच कुठल्या कट्ट्यासमोर रात्री गाडीतून उतरतो. तिथल्या भावी नगरसेवकाचा नंबर आपल्याकडे असेलच असे नाही. तेव्हा तो आतापासूनच मिळवून ठेवा.