धूळपाटीवरचं पाटण

आमच्या चाळीसगावच्या भावकीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात चांगलीच जुंपली. पुतण्याने शाळेच्या प्रकल्पात लिहिलं होतं, 'भास्कराचार्यांचा जन्म पाटणला झाला.' संदर्भ: विकिपीडिया. सरांनी लाल रेघ ओढली, विकिपीडिया चालणार नाही. नाना म्हणाले, बरोबर आहे, तिथे कोणीही काहीही लिहितं. वहिनींनी विचारलं, मग पोराने बघायचं कुठे?

मी टोरांटोत ग्रंथालयात नोकरी करतो. इथले काही प्राध्यापक विद्यार्थ्यांना विकिपीडियाचा लेख सुधारायचंच काम देतात. उतारे ढापणारी पोरं इथेही असतात, त्यात आपली मक्तेदारी नाही. पण आधी त्यांना नवं काही लिहू देत नाहीत. असलेल्या एका वाक्याला पुस्तक शोधा, पान शोधा, मग बोला. मराठी विकिपीडियावर असा सराव ज्या पानावर करतात, त्याला 'धूळपाटी' म्हणतात. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' ग्रंथातलं गणितही पाटीगणितच, म्हणजे पाटीवर करायचं, की!

पुतण्याच्या त्या एका वाक्यावर महिनाभर तास घेता येतील. चाळीसगावजवळच्या या पाटणला पाटणादेवीचा शिलालेख आहे. तो सांगतो की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला. तेराव्या शतकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. जन्म तिथे झाला, असं तो सांगत नाही. आचार्यांनी स्वतः जन्मशक 1036 दिला आहे आणि गाव सांगितलं आहे सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड. ते नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांत वाद आहे. म्हणजे सरांची रेघ योग्य जागी पडली, कारण मात्र चुकीचं दिलं. वाक्य चुकलं ते विकिपीडियामुळे नाही, मूळ शिलालेख काय म्हणतो ते कोणी पाहिलं नाही म्हणून. मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पिंपळनेरचे, आणि इतिहासाच्या जुन्या कागदांसाठी दारोदार फिरलेले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यात वारले. त्या मुलखात हे शिकवायला टोरांटोतून कोणी यायला नको.

तरी इथली पद्धत जशीच्या तशी तिकडे चालेल, असंही मला वाटत नाही. आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या श्रावणातल्या रोटांबद्दल, म्हणजे तिच्या नैवेद्याबद्दल, माझ्या आईला जेवढं माहीत आहे, त्याच्या निम्मंही छापलेलं मला सापडलेलं नाही. विकिपीडियाला आईची साक्ष चालत नाही. नियम योग्य आहे, पण ज्यांचं सगळं छापून झालंय त्यांनाच तो सोपा जातो. आपल्याकडे शाळेने आधी गावाची माहिती गोळा करून नीट छापावी, विकिपीडिया नंतर.

काल पुतण्याचा फोन आला. "काका, शिलालेखाचा फोटो काढून विकिपीडियावर टाकला तर चालेल ना?"

म्हटलं, फोटो टाक. पण त्यात काय लिहिलंय, ते तू लावलेल्या अर्थावर चालणार नाही. जाणकाराने वाचून छापलेलं पुस्तक दाखवावं लागेल.

"वाचनालयात गेलो होतो. ते कपाट कुलपात आहे. किल्लीवाले सोमवारी येतील म्हणे."