ओपीडीचा खर्च रुग्णाच्या सवयीमुळे वाढत नाही

'गरीब देशांतली माणसे साध्या सर्दी-पडशासाठी डॉक्टरकडे धावतात, म्हणून त्यांचा ओपीडीचा खर्च वाढतो. उपचार मोफत केले तर ही सवय आणखी बळावेल. खरा खर्च दाखल झाल्यावरचा, आणि त्याला विमा आहेच' असा संदेश सध्या सगळीकडे फिरतो आहे. तो वाचून माझ्या आईने रक्तदाबाची ठरलेली तपासणी 'उगाच कशाला' म्हणत पुढे ढकलली, तेव्हा गप्प बसणे शक्य राहिले नाही.

यातला सर्वांत घातक भाग सवयीचा आहे. घरात जुनाट आजाराची, वयस्क किंवा अगदी लहान अशी किती माणसे आहेत, दवाखाना किती लांब आहे आणि मुख्य म्हणजे तिथे औषध मिळते की नाही, यांवर हा खर्च ठरतो. तपासणीची फी अधूनमधून द्यावी लागते, रक्तदाबाची गोळी मात्र रोज लागते. युगांडाने मार्च २००१ मध्ये सरकारी आरोग्य केंद्रांतील शुल्क रद्द केले. रुग्ण वाढले हे खरे. पण ते विशेषतः गरिबांत वाढले, म्हणजे पैशांअभावी जे आजार अंगावर काढत होते तेच केंद्रात येऊ लागले. तरीही २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की गरीब कुटुंबांचे कंबरडे मोडणाऱ्या खर्चाचे प्रमाण घटलेच नाही. सरकारी केंद्रांत औषधे वारंवार संपत आणि लोकांना ती खासगी दुकानांतून विकत घ्यावी लागत, हे संशोधकांना त्याचे सर्वांत संभाव्य कारण वाटले. शुल्क गेले तरी खर्च राहिला, यात रुग्णाच्या सवयीचा संबंध कुठे येतो?

अनावश्यक इंजेक्शने आणि प्रतिजैविके दिली जातात, एवढे मान्य करावे लागेल. पण ती बहुतेकदा चिठ्ठी लिहिणारा ठरवतो, आणि औषध विकणाराही तोच असेल तर रुग्णाच्या हाती फारसे काही उरत नाही.

विम्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर अनेक योजना दाखल झाल्यावरच लागू होतात; दर महिन्याच्या औषधांचे पैसे खिशातूनच जातात.

शिवाय खर्च कमी म्हणजे प्रकृती ठणठणीत, असे मुळीच नाही. दिवसाची मजुरी बुडेल म्हणून दवाखाना टाळणारे आणि रोजची गोळी दिवसाआड घेणारे घरही आकडेवारीत काटकसरी दिसते. आईच्या गोळ्यांचे जे पाकीट गेल्या महिन्यातच संपायला हवे होते, त्यात काल मला सहा गोळ्या शिल्लक सापडल्या.