कर्ज फिटलं तरी हप्ता कापतात, आणि परत मागितला की तक्रारीचा तिकीट नंबर देतात

कर्ज पूर्ण फेडलं, देणं बाकी नसल्याचं नो ड्यूज पत्र हातात आलं, आणि पुढच्या ५ तारखेला खात्यातून हप्ता पुन्हा गेला. आता पैसे आपले, पण अर्ज आपणच करायचा, कॅन्सल चेक आपणच जोडायचा, आणि वर ‘सात ते दहा वर्किंग डेज’ ऐकून घ्यायचं. आपला हप्ता एक दिवस उशिरा गेला तर बाउन्स चार्ज, दंड आणि वसुलीचे फोन. आपले पैसे त्यांच्याकडे महिनाभर पडून राहिले तर व्याज म्हणून एक रुपया कुणी देत नाही. संताप येतो तो याचा!

हे ‘चुकून’ होतं असं सांगणं आता बंद करा. खात्यातून हप्ते आपोआप कापणाऱ्या नॅच यंत्रणेची फाइल ठरलेल्या तारखेच्या काही दिवस आधीच तयार होते. २ तारखेला फोरक्लोजरची, म्हणजे मुदतीआधी कर्ज बंद करण्याची, रक्कम भरली तरी ५ तारखेची वसुली रांगेत लागलेली असते. हे कर्ज देणाऱ्याला पक्कं माहीत असतं, तरी काउंटरवर कुणी तोंड उघडत नाही. खात्यात शिल्लक नसेल तर ही वसुली बाउन्स होते आणि आपली बँकही दंड लावते. संपलेल्या कर्जापायी! वर काही वसुलीवाले कलम २५ ची भीती घालतात. ते पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायद्याचं, २००७ चं कलम आहे. ते देणं फेडण्यासाठीच्या वसुलीला लागू होतं, आणि इथे देणंच उरलेलं नसतं.

म्हणून हप्त्याच्या तारखेच्या तोंडावर कर्ज बंद करू नका. हप्ता जाऊ द्या, मग ताजं फोरक्लोजर स्टेटमेंट मागा. पैसे भरले की त्याच दिवशी मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापायला दिलेली परवानगी, रद्द करण्याचा ईमेल पाठवा, त्यात कर्ज क्रमांक आणि यूएमआरएन (मँडेटचा क्रमांक) लिहा. त्यांच्या भरवशावर थांबायचं कारण नाही. स्वतःच्या बँकेच्या नेटबँकिंगमधून किंवा शाखेत अर्ज देऊनही मँडेट रद्द करता येतं.

ते फोरक्लोजर स्टेटमेंट ओळ न् ओळ वाचा, कारण तिथेच खिसा कापला जातो. मुद्दल २० लाख आणि दर ९ टक्के असेल तर दिवसाचं व्याज सुमारे ४९३ रुपये होतं. ६ तारखेला कर्ज फेडलं आणि व्याज ३० पर्यंतचं लावलं, तर २४ दिवसांचे ११,८०० रुपयांहून जास्त नाहक गेले. २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने नेमके हेच प्रकार नोंदवले आहेत: पैसे हातात पडण्याआधीपासून व्याज, महिन्याच्या मध्ये फेडलं तरी पूर्ण महिन्याचं व्याज, आगाऊ हप्ते घेऊनही पूर्ण रकमेवर व्याज. जास्तीचं व्याज परत करायला लावल्याचंही त्यात लिहिलं आहे. परिपत्रकाची तारीख अर्जात घाला, उत्तराचा सूर बदलतो. आणि व्यक्तीने व्यवसायासाठी न घेतलेल्या, बदलत्या दराच्या कर्जावर फोरक्लोजर चार्ज लागतच नाही. लावला असेल तर तो जीएसटीसकट परत मागा.

सगळ्यात चीड आणणारा भाग कर्जासोबत दिलेल्या विम्याचा. कर्ज देताना एकरकमी प्रीमियम कर्जातच मिळवतात, म्हणजे त्या प्रीमियमवरही आपण व्याज भरतो. कर्ज मुदतीआधी फिटलं की उरलेल्या काळाचा हिस्सा पॉलिसीच्या अटींप्रमाणे परत मागता येतो. फोरक्लोजरच्या पत्रात याचा उल्लेख शोधून सापडत नाही. बँकेत विचारलं तर ‘विमा कंपनीला विचारा’, कंपनीत विचारलं तर ‘मास्टर पॉलिसी (सगळ्या कर्जदारांची मिळून एक) बँकेच्या नावावर आहे’. माणूस दमून सोडून देईल यावरच सगळी मदार! म्हणून एकच ईमेल दोघांना एकाच वेळी पाठवा. सोबत विम्याचं प्रमाणपत्र, कर्ज बंद झाल्याचं पत्र आणि खात्याचा तपशील जोडा, आणि पैसे बंद झालेल्या कर्जखात्यात न टाकता थेट बचत खात्यात द्या असं स्पष्ट लिहा. घरात कमावणारा एकच असेल तर मात्र आधी विमा पुढे चालू ठेवता येतो का ते बघा. दाद नाही मिळाली तर विमा नियामकाचं बीमा भरोसा हे तक्रार पोर्टल, मग विमा लोकपाल.

‘रिफंड पाठवला’ असं सांगितलं की लगेच यूटीआर नंबर, म्हणजे बँकेतल्या त्या व्यवहाराचा क्रमांक, मागा. नंबर देता येत नसेल तर पैसे निघालेलेच नाहीत, हे धरून चाला.

तारण ठेवलेली कागदपत्रंही अशीच अडवतात. १ डिसेंबर २०२३ पासून नियम आहे: कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत, आणि त्यांच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. सिबिलमधली चूक तक्रारीनंतर ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर दिवसाला १०० रुपये. आपण मागितल्याशिवाय हे पैसे कुणी आठवणीने देईल, ही आशा सोडा.

तक्रार फोनवर नको, लेखी हवी. कर्ज देणाऱ्या बँकेच्या किंवा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे जा. ते फुकट आहे, वकिलाची गरज नाही. कापलेल्या हप्त्याची नोंद असलेलं स्टेटमेंट, नो ड्यूज आणि सगळे ईमेल जोडा. पैसे न येताच ‘आपली तक्रार निकाली काढली आहे’ असा एसएमएस आला असेल, तर त्याचाही स्क्रीनशॉट त्याच अर्जाला लावा.