निळा डाग, हिरवं रक्त आणि गुपचूप पुसलेले शब्द

माझ्या भाच्याच्या मोबाईलवर माणसांचं रक्त हिरवं आहे. पबजी मोबाईल २०२० च्या सप्टेंबरमध्ये बंद झालं. ती बंदी चिनी ॲप्सवरची होती, रक्ताबिक्ताशी तिचा काही संबंध नव्हता. पुढच्या वर्षी जुलैत तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' म्हणून परत आला आणि येताना सोवळं नेसून आला. रक्त हिरवं. 'किल'च्या जागी 'फिनिश'. आणि हे सगळं आभासी जग आहे बरं का, अशी सुरुवातीलाच सूचना. बंदूक मात्र तीच, नेम तोच, आणि समोरचा पडला की ओरडायचं तेही तसंच.

त्याच खेळात अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली, पालकांचा फोन नंबर मागितला. याला मी नावं ठेवणार नाही. (पोरं मोठ्या भावाचा नंबर देतात, तो भाग निराळा.) वेळेची मर्यादा घालण्यामागे मुलाची काळजी आहे एवढं कळतं. रंग बदलण्यामागे कुणाची काळजी आहे ते मला आजवर उमगलेलं नाही. भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मावशी, ते ब्लडच आहे गं." विषय संपला, तो पुन्हा खेळायला लागला.

नाटकवाल्या मंडळींना एव्हाना 'गिधाडे' आठवलं असेल. साल १९७०, तेंडुलकरांचं नाटक, दिग्दर्शक डॉ. श्रीराम लागू. माणिकच्या साडीवर गर्भपाताचा लाल डाग दिसायचा. परिनिरीक्षण मंडळाला, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरला, इतर बऱ्याच गोष्टींसोबत तो डागही खटकला. शेवटी तोडगा काय निघाला, तर डाग निळा करायचा! मग प्रेक्षकांना सांगितलं जायचं की डाग निळा दिसेल, तो लाल समजावा.

मला ही गोष्ट फार आवडते. 'कलावंतांनी सेन्सॉरला कसं उल्लू बनवलं' म्हणून नव्हे. आवडते ती एवढ्यासाठी की त्या प्रेक्षकाला सगळं माहीत होतं. काय काढलंय, कुणाच्या सांगण्यावरून काढलंय आणि मुळात तिथे काय होतं, ही तिन्ही उत्तरं त्याच्याकडे होती. तिकीट काढून आलेल्या माणसाला मंडळाची कात्रीच स्टेजवर उभी करून दाखवली. पुढे मंडळ योग्य की लागू योग्य, ते ज्याचं त्याने ठरवावं.

गाण्यातल्या आणि गेममधल्या काटछाटीवर हल्ली जे वाद होतात ते बहुतेक 'शिवी असावी की नसावी' इथेच फिरत राहतात. शिवी असावी की नसावी यावर माझं मत आहे (असावी, जिथे ती शोभते तिथे), पण माझं खरं भांडण त्याच्याशी नाही. भांडण आहे न सांगता कापण्याशी.

२००८ च्या ऑक्टोबरात मी प्लेस्टेशन थ्रीवर येणाऱ्या 'लिटल बिग प्लॅनेट'ची चातकासारखी वाट बघत होते. कापडी बाहुला, सुतळीचं आणि पुठ्ठ्याचं जग, लहान मुलांनी बिनधास्त खेळावा असा गेम. बाजारात यायला काही दिवस उरलेले असताना सोनीने जगभरातल्या डिस्क परत मागवल्या. कारण एक गाणं. मालीचे तुमानी जाबाते, कोरा हे एकवीस तारांचं वाद्य वाजवणारे, ज्यांच्या घराण्यात हेच पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं, त्यांचं ते गाणं. त्यात कुराणातल्या दोन ओळी होत्या. प्रत्येक जिवाला मृत्यूची चव घ्यायची आहे, ही त्यातली एक. एका मुसलमान खेळाडूने कंपनीला कळवलं की संगीत आणि पवित्र वचन असं एकत्र करणं आमच्यातल्या काहींना दुखवेल, तेवढं काढून टाका. कंपनीने डिस्क मागवल्या, गाण्यातला आवाज काढला, वाद्यं ठेवली आणि नव्या डिस्क बाजारात आणल्या.

जाबाते स्वतः श्रद्धाळू मुसलमान. त्यांच्या दृष्टीने गाण्यात ती वचनं येणं तितकंच स्वाभाविक होतं, जितकं आपल्याकडच्या एखाद्या गाण्यात तुकोबांची ओळ येणं. लोकांना धर्माकडे ओढण्याची ही माझी रीत आहे, अशा अर्थाचं ते नंतर बोललेही. अमेरिकेतल्या मुसलमानांच्या एका संघटनेनेही या माघारीवर टीका केली. थोडक्यात, ज्यांच्या भावना जपायच्या म्हणून हे केलं त्यांच्यातच एकमत नव्हतं, आणि ज्याचं गाणं होतं त्याचा धर्म तोच होता.

सोनीची भीती मला समजते. पैगंबरांच्या डॅनिश व्यंगचित्रांवरून जगभर पेटलेलं रान तेव्हा जेमतेम अडीच वर्षांमागचं होतं. पण विचार करा, आज कुणी तो गेम खेळला तर त्याला एक छान वाद्यसंगीत ऐकू येईल. तिथे एक माणूस गात होता याची खूणही नाही. निळा डाग नाही, 'हा लाल समजावा' सांगणारं कुणी नाही.

त्याच्याही दहा वर्षं आधीची गोष्ट. १९९८ च्या 'झेल्डा' या व्हिडिओ गेममध्ये, अग्निमंदिराच्या पातळीवर, मागे अरबी प्रार्थनेसारखे स्वर ऐकू येत. ध्वनिनमुन्यांच्या एका तयार संग्रहातून ते उचललेले होते. नंतरच्या कार्ट्रिजमध्ये ते नव्हते. कंपनीने कुणाला काही सांगितलं नाही. खेळणाऱ्यांनी दोन कार्ट्रिज शेजारी शेजारी चालवून पाहिली तेव्हा उलगडा झाला. निदान तेव्हा जुनं कार्ट्रिज कुणाच्या तरी कपाटात होतं! आता रात्री फोन चार्जिंगला लावून झोपावं, सकाळी अपडेट झालेला असतो. गाण्यांच्या ॲपवर तर तेवढंही नाही. गाणं तुमच्याकडे नसतंच, ते त्यांच्याकडे असतं आणि ते बदलतील तसं तुम्ही ऐकता.

या तुलनेत आपला बीप प्रामाणिक म्हणायचा. २०१५ साली गायक मिहिर जोशी यांच्या गाण्याच्या व्हिडिओत 'बॉम्बे' हा शब्द सेन्सॉर बोर्डाने बीप करायला लावला. शहराच्या जुन्या नावाला थेट शिवीच्या पंगतीत बसवलं. निर्बुद्धपणाच, दुसरा शब्द नाही. पण तो बीप ऐकू आला, लोकांनी विचारलं 'काय होतं रे तिथे?', बातम्या झाल्या, बोर्डाचं हसू झालं. ज्या गाण्याकडे एरवी फार कुणाचं लक्ष गेलं नसतं ते सगळ्यांना माहीत झालं.

"मग लेबल लावा ना, कापू नका," असं म्हणणारे बरेच भेटतात. माझंही साधारण तेच म्हणणं. तरी लेबलाची कथा एकदा नीट बघायला हवी. १९८५ साली अमेरिकेत टिपर गोर आणि इतर राजकीय घरांतल्या बायकांनी गाण्यांतल्या अश्लील शब्दांविरुद्ध संघटना काढली, त्यावर सिनेटमध्ये सुनावणी झाली, फ्रँक झापा, डी स्नायडर असे गायक साक्षीला आले. जॉन डेन्व्हरही आले. हा तर गोड आवाजाचा, डोंगरदऱ्यांची गाणी गाणारा माणूस. त्यांनी सांगितलं की डोंगरांच्या आनंदावरचं माझं गाणंसुद्धा अमली पदार्थांवरचं समजून काही रेडिओ केंद्रांनी बंद केलं होतं. त्या सगळ्यातून ते काळं-पांढरं 'पॅरेंटल ॲडव्हायजरी' लेबल आलं. बंदी नाही, फक्त सूचना. उत्तम.

पुढे काय झालं? वॉलमार्टसारख्या साखळी दुकानांनी लेबल असलेले अल्बम ठेवायलाच नकार दिला. अमेरिकेतल्या छोट्या गावात दुसरं दुकान नसे. मग कंपन्या आणि कलाकार स्वतःच 'क्लीन' आवृत्त्या काढायला लागले. 'निर्वाणा' या अमेरिकन बँडच्या एका गाण्याच्या नावात बलात्कार हा शब्द होता. गाणं बलात्काराच्या विरोधातलं. पण दुकानात ठेवायच्या आवृत्तीवर नाव बदलून छापलं गेलं. सरकारने काही कापलं नाही, कायदा झाला नाही, कुणाला तुरुंगात टाकलं नाही. काउंटरवरच्या मॅनेजरने काम केलं. 'रॉक बँड'सारख्या गाऊन खेळायच्या गेममध्येही मूळ गाण्यातल्या शिव्यांच्या जागा रिकाम्या असत. गेमला वरचं वय लागलं की खप घसरतो, म्हणून ही आधीच केलेली साफसफाई. वयाची पाटी लावा, जरूर लावा, पण ती पाटी बघून दुकानदार शटर ओढणार असेल तर त्याला नुसती सूचना म्हणता येत नाही.

आता उलट बाजू, कारण ती आहे आणि मला ती टाळायची नाही. २००७ च्या 'आजा नचले'च्या शीर्षकगीतात मोची स्वतःला सोनार म्हणवतो अशा अर्थाची ओळ होती. दलित संघटना चिडल्या, आणि बरोबर चिडल्या. जातीची उतरंड त्या ओळीत जशीच्या तशी बसली होती, आणि लिहिणाऱ्याला, गाणाऱ्याला, रेकॉर्ड करणाऱ्याला, कुणालाच ती दिसली नव्हती. उत्तर प्रदेश सरकारने चित्रपटावर बंदी घातली. निर्मात्यांनी माफी मागून ओळ काढली, बंदी उठली. ओळ गेली याचं मला काडीचं दुःख नाही. अख्ख्या चित्रपटावर सरकारने बंदी घालणं मात्र मला तेव्हाही पटलं नव्हतं. ज्याला लागलं त्याने बोलावं, ज्याने लिहिलं त्याने ऐकावं आणि चारचौघांत उत्तर द्यावं. २०२२ मध्ये लिझो या गायिकेने तेच केलं. तिच्या गाण्यातल्या एका शब्दाने सेरेब्रल पाल्सी असणारे लोक दुखावले. तिने काही दिवसांत शब्द बदलला आणि का बदलला हे निवेदन काढून सांगितलं. लपवाछपवी नाही. बदलाला माझा विरोध नाही तो असा.

पण कात्री नेहमी अशाच ठिकाणी चालते हा भ्रम नको. २०२३ मध्ये राज मुंगसे या आपल्या मराठी रॅपरवर अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. गाण्यात कुठल्या नेत्याचं नाव नव्हतं. खोक्यांचा उल्लेख होता, आणि खोके म्हणजे काय हे तेव्हा महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. 'मुलांवर वाईट परिणाम' हे वाक्य शिव्यांच्या वेळी फार ऐकू येतं, पण पोलीस जिथे पोचले ते गाणं राजकारणाचं होतं.

आणि मुलांवरच्या परिणामाचं म्हणाल तर आपल्या घरातला हिशेब अजबच असतो. रॅपमध्ये शिवी आली की आई कानावर हात ठेवते. तीच आई गॅदरिंगला सात वर्षांच्या लेकीला नऊवारी नेसवून, गजरा माळून, ठसकेबाज लावणीवर नाचवते आणि पुढच्या रांगेत बसून व्हिडिओ काढते. त्या लावणीतल्या ओळींचा अर्थ पोरीने विचारला तर काय सांगणार? मला लावणी प्रिय आहे, म्हणून हे लिहितेय. याच तमाशावर स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबईच्या सरकारने अश्लील म्हणून बंदी घातली होती, हेही त्या मांडवात कुणाला आठवत नाही.

माझी मागणी अगदी कंटाळवाणी आहे. गाण्याच्या ॲपवर 'ई' असं अक्षर दिसतं ना, स्पष्ट शब्द असलेल्या गाण्यापुढे? तसंच बदललेल्या गाण्यापुढेही दिसावं. शब्द कधी बदलले, कुणाच्या सांगण्यावरून, आणि मूळ आवृत्ती ऐकायची असेल तर कुठे मिळेल, एवढं. गेमच्या अपडेटमध्ये 'किरकोळ सुधारणा' असं लिहून गाणी काढू नयेत, काय काढलं त्याची यादी द्यावी. भारतासाठी रक्ताचा रंग बदललात तर कुणी बदलायला सांगितलं, की कुणी न सांगताच बदललात, तेही लिहा.

कमेंटमध्ये आता 'तुमच्या मुलांना ऐकवाल का असली गाणी?' हे येणारच, म्हणून आधीच सांगून ठेवते. आठ वर्षांच्या मुलाला नाही ऐकवणार, त्याच्यासाठीच ते 'ई' आहे. सोळा वर्षांच्याला मी ऐकवायची गरजच नाही, त्याने माझ्या आधी ऐकलेलं असतं. भाच्याने गेल्या महिन्यात असंच एक गाणं मला गाडीत लावून दाखवलं आणि दोन ठिकाणी आवाज बारीक केला. मी म्हटलं, "वाढव, मला कळू दे काय म्हणतोय तो." मग पुढचा अर्धा तास त्या गाण्यातल्या बाईबद्दल आम्ही भांडलो. त्याला ती 'फक्त गाण्यातली' वाटते, मला नाही वाटत. अजून मिटलेलं नाही ते भांडण.