पिस्तुलावर लाइट आहे, म्हणून हातातली टॉर्च काढून टाकायची?

डॅलसच्या आसपासच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: पिस्तुलाला लेझर आणि लाइट लावा, की घर सुरक्षित. लेझर लावला की सरावाची गरज नाही, लाल ठिपका दिसताच चोर पळतो, हिरवा लेझर केव्हाही चांगला, लाइट असली की वेगळी टॉर्च नको, आणि लुमेन जितके जास्त तितकं उत्तम. माझ्या मावसबहिणीने तो पाठवून विचारलं, "दादा, पलंगाजवळची टॉर्च काढून टाकू ना?" तिचा सोळा वर्षांचा मुलगा रात्री दीड वाजता पाणी प्यायला खाली उतरतो. म्हणून आधी टॉर्चचंच बोलतो.

पिस्तुलावरची लाइट जिकडे वळते तिकडेच नळी वळते. म्हणजे जिन्यावर कोण आहे हे बघण्यासाठी आधी त्याच्यावर भरलेलं पिस्तूल रोखायचं! ज्याच्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे नळी करायची नाही, हे कुठल्याही शूटिंग रेंजवर पहिल्या दिवशी शिकवतात. हा मेसेज नेमकं त्याच्या उलट शिकवतोय.

धोका तिथेच संपत नाही. काही लाइटचं बटण मुठीच्या पुढच्या बाजूला, ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कडीच्या) खाली असतं आणि मधल्या बोटाने दाबायचं असतं. घाबरलेल्या माणसाचं एक बोट आवळलं की शेजारचंही आवळतं. 2010 साली डॅलसजवळच्या आपल्याच प्लेनोमध्ये एका पोलिसाच्या गोळीने एक माणूस मेला. लाइट लावायला गेलो आणि ट्रिगर दाबला गेला, असं त्या पोलिसाचं म्हणणं होतं. 'डेन्व्हर पोस्ट' या वृत्तपत्राने 2014 मध्ये अशा घटनांचा माग काढला, तेव्हा आधीच्या नऊ वर्षांत किमान पाच जणांना पोलिसांच्या हातून अशा गोळ्या लागल्याचं समोर आलं. गोळी झाडणारी ही प्रशिक्षण घेतलेली माणसं होती. झोपेतून उठलेल्या आपल्या माणसाकडून काय अपेक्षा ठेवायची? शोधायला हातातली टॉर्च. पिस्तुलावरची लाइट, धोका समोर आहे याची खात्री पटल्यावर.

आता लेझर. लेझर नळीच्या खाली, इंच-दीड इंचावर बसतो. त्याची रेघ आणि गोळीची वाट एका ठरावीक अंतरावरच जुळते; त्याच्या अलीकडे गोळी ठिपक्याच्या वर लागते, पलीकडे खाली. घरातल्या अंतरावर हा फरक थोडाच, हे मान्य. पण ट्रिगरला झटका दिला की नळी हलते, आणि ती चूक लेझर सुधारत नाही. फार तर दाखवतो. रिकाम्या पिस्तुलाने भिंतीवर ठिपका धरून ट्रिगर दाबा. ठिपका उडी मारताना दिसेल. लेझरचा हा उपयोग खरा आहे, आणि तो सरावासाठीच आहे!

चोर ठिपका बघून पळतो म्हणे. स्वतःच्या छातीवरचा ठिपका त्याला अंधारात दिसेलच कशावरून? त्याची नजर तुमच्यावर असेल. या भरवशावर कुणी पिस्तूल बाहेर काढू नये.

हिरव्याबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. आपल्या डोळ्याला उजेडात 555 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश सर्वात ठळक दिसतो. हिरवा लेझर साधारण 520 ते 532चा, लाल 635 ते 650चा, त्यामुळे दिवसा हिरवा उजवा. अंधाऱ्या खोलीत मात्र लालही पुरतो, आणि टेक्ससच्या भर उन्हात हिरवाही हरवतो.

लुमेन म्हणजे एकूण प्रकाश. तो किती एकवटलाय हे कँडेला या मापावरून कळतं. पांढऱ्या भिंतींच्या अरुंद पॅसेजमध्ये 1000 लुमेन परत आपल्याच डोळ्यांवर येतात. विकत घेण्याआधी आपल्याच घरात, नुसती लाइट हातात धरून बघा.

होल्स्टरचा, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या म्यानाचा, तर मेसेजमध्ये उल्लेखच नाही. लाइट बसवली की जुन्या होल्स्टरमध्ये पिस्तूल जात नाही. मग लोक कुठलंतरी सैल होल्स्टर घेतात, ज्यात ट्रिगर नीट झाकला जात नाही. त्या पिस्तुलासाठी आणि त्याच लाइटसाठी बनवलेलं होल्स्टर मिळेपर्यंत लाइट बसवू नका.