कूलर लावला नि आभाळ आलं

होळी जळाली, थंडी पळाली असं आमची आई म्हणते आणि धुळवडीच्या दुसऱ्या दिवसापासून घरात एकच भुणभुण सुरू होते, कूलर कधी काढतो रे बापा. मी टाळत टाळत एप्रिलचा दुसरा आठवडा गाठला. पारा ४१ वर गेला तरी मी आपलं पंख्यावर भागवा म्हणत होतो, कारण ज्या गावानं २३ मे २०१३ ला ४७.९ अंश सोसले त्या गावात ४१ म्हणजे काय, माथेरानच की. तसंही आकड्यांच्या बाबतीत आपण नागपूरकर कोणाला ऐकत नाही, २०२४ च्या मे महिन्यात एका यंत्रानं ५६ दाखवले तेव्हा सेन्सर बिघडला होता हे कळेपर्यंत आम्ही जगभरच्या नातेवाईकांना स्क्रीनशॉट पाठवून मोकळे झालो होतो.

शेवटी रविवारी मुहूर्त लागला.

आमचा कूलर जुना, पत्र्याचा, बाल्कनीत चादर पांघरून आठ महिने झोपलेला. चादर काढली तर आतून एक पाल, पोराचा हरवलेला बॉल आणि लोणच्याच्या बरणीचं झाकण निघालं, जे झाकण मी फेकलं असा आरोप मागच्या वर्षीपासून माझ्यावर होता. (यावर बायको काहीही बोलली नाही, हे नोंदवून ठेवतो.) ताट्यांमधली जुनी घास खराट्यासारखी कडक झालेली, ती उपसली, नवीन भरली, पत्र्यानं अंगठा कापला, टाकी घासली, पाइपाची बुजलेली भोकं सेफ्टी पिननं एकेक करत मोकळी केली. पंप लावला तर घर्रर्र आवाज आणि पाणी फक्त एकाच ताटीवर, बाकीच्या दोन कोरड्या ठाक. मागून आईचं सुरूच, चप्पल घाल आधी पायात, करंट लागंल. पंप हलवला, पाइप वाकवला, स्टँडखाली वीट सरकवली, तेव्हा कुठे चार वाजता तिन्ही ताट्या भिजल्या आणि पहिली गार हवा तोंडावर आली. मी पाच मिनिटं नुसता डोळे मिटून उभा राहिलो.

डोळे उघडले तर खोलीत अंधार.

"अहो, कुरडया!" बायको जिन्यातूनच ओरडली.

आता हे कुरडयांचं आधी सांगायला पाहिजे होतं. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा आणि चौथ्या दिवशी पहाटे पाचला उठून तो शिजवायचा. बायकोनं आणि शेजारच्या काकूंनी त्याच रविवारी तो शिजवून गच्चीवर जुन्या साड्यांवर घातला होता. म्हणजे कुरडयांना चार दिवस आधी ठरवावं लागते आणि बंगालच्या उपसागरावरून निघालेलं बाष्प इथं येऊन काय करणार हे दुपारी चारला कळते. आम्ही चौघं साड्यांची चार टोकं धरून जिना उतरलो, मागून टपोरे थेंब, मग बोराएवढ्या गारा, आणि मग नेहमीप्रमाणे लाइन गेली.

कुरडया हॉलमधल्या दिवाणावर, जेवणाच्या टेबलावर, शेवटी आमच्या पलंगावर पसरल्या. दीड तासानं लाइन आली. मी कूलरच्या बटणाकडे हात नेला.

"खबरदार," बायको म्हणाली. "ओल्या हवेनं चिकटून बसतील सगळ्या. बुरशी आली तर तुम्ही खाल का?"

तिचं बरोबरच होतं, कूलर म्हणजे ओली घास आणि त्यातून ओढलेली हवा, बाहेरची हवा कोरडी असली तर पाणी उडते नि गार वाटते, हवाच ओली असली की नुसता चिकचिकाट. म्हणजे सकाळपासून अंगठा कापून घेऊन मी जे उभं केलं ते आता आमच्याकडे पाहून राहिलं होतं आणि आम्ही घामेजून कुरडयांना पंख्याची हवा देऊन राहिलो होतो. रात्री कुरडया पलंगावर झोपल्या, मी कूलरशेजारी खाली चटईवर. पहाटे मात्र अशी गारठ हवा सुटली की आईनं शाल काढली आणि झोपेतच म्हणाली, काऊन घाई केली रे बापा कूलरची.

सोमवारी परत लख्ख ऊन. कुरडया वर चढवल्या आणि मी ऑफिसला सीताबर्डीत. तीन वाजता घरून फोन.

"तिकडे कसं आहे?"

खिडकीतून पाहिलं, रस्त्यावर सगळे पांढरे दुपट्टे गुंडाळून, डांबर चकाकून राहिलेलं. "कडक ऊन आहे, ढगाचा ठिपका नाही. बिनधास्त राहा."

"मग इकडे मानेवाड्यात काऊन टपटप करून राहिलं?"

मी काही म्हणायच्या आत फोन कुठंतरी आपटल्याचा आवाज आला आणि मागोमाग जिन्यावरून धावत जाणारी चप्पल.