विशेष काही नाही!

परवा रात्री मी एका उंदराच्या हातून मेले. मी म्हणजे गेममधली मी: कमरेला तलवार, अंगात चिलखत. आणि याला सर्वस्वी जबाबदार आमच्या सोसायटीतले एक काका आहेत, हे मी अजूनही म्हणते.

मला दिसत नाही. माझा कॉम्प्युटर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर चालतो. मायकेल करन नावाच्या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने 2006 साली तो लिहायला घेतला आणि आजही तो फुकट मिळतो. त्यावर मी 'मड' खेळते. हा चिखल नव्हे. 1978 साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी सुरू केलेला, निव्वळ अक्षरांचा गेम. चित्र औषधालाही नाही. "तू चौकात उभी आहेस, उत्तरेला फाटक आहे" असं लिहून येतं, आपण 'नॉर्थ' टाइप करायचं. दिसत नसलेल्या माणसासाठी याहून सोयीचं काय असणार, असं वाटतं ना? मलाही वाटलं.

स्क्रीन रीडरला पडदा दिसत नसतो, तो सॉफ्टवेअरला विचारतो, "बाबा रे, इथे काय लिहिलंयस?" सॉफ्टवेअरने उत्तर द्यायचं असतं. परवा मी एक नवा मड खेळायला घेतला, तर त्याचं सॉफ्टवेअर दिवाळसणाला रुसलेल्या जावयासारखं बसून होतं. टॅब दाबला की "बटन". पुन्हा दाबला, "बटन". कसलं बटन ते त्या बटनालाच ठाऊक. आणि जिथे गोष्ट उमटते ती खिडकी? "ब्लँक." तशी मड खेळायला बोलकी सॉफ्टवेअर आहेत. व्हीआयपी मड तर अंधांसाठीच केलेलं. मशक्लायंटला एक प्लगइन जोडलं की तेही घडाघडा बोलतं. पण या गेमवाल्यांनी स्वतःचंच सॉफ्टवेअर काढलं होतं आणि दुसरं घेऊन आत शिरायची सोय नव्हती. पंचेचाळीस वर्षांहून जुना खेळ, त्यात नुसती अक्षरं, आणि तीसुद्धा यांनी चित्रासारखी रंगवून ठेवली!

तेवढ्यात काका मेंटेनन्सची पावती द्यायला आले. बँकेतून रिटायर झालेले, मदतीला सदैव तयार.

"काका, स्क्रीनवर काय आलंय ते जरा वाचता?"

चष्मा शोधून झाला. "इंग्रजी आहे."

"हो. वाचा ना."

"बरंच आहे गं."

मग शांतता. काका मनातल्या मनात वाचत होते. मला फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"हं," ते शेवटी म्हणाले. "विशेष काही नाही. एक खोली आहे."

"खोलीत काय आहे?"

"असंच. सामानसुमान."

"दारं कुठल्या बाजूला?"

"असतील की. खोली म्हटल्यावर दार असणारच."

"काका, दिशा लिहिली असेल बघा."

"थांब गं, घाई काय आहे? हां, एक उंदीर आहे."

"मारू?"

"मार की! उंदराला काय घाबरायचं?"

मी 'किल रॅट' टाइप करून एंटर दाबला.

"हं... हं... अरे बापरे."

"काय झालं?"

"काही नाही. वाचतोय."

"मोठ्याने वाचा, काका!"

"तू मेलीस," काका म्हणाले. आणि मला बरं वाटावं म्हणून, "बाकी सगळं ठीक दिसतंय. खाली घड्याळ वगैरे चालू आहे."

मग स्क्रीनवरचा मजकूर मागे सरकवून त्यांच्याकडून शब्दन् शब्द वदवून घेतला. उंदराच्या आधी 'जायंट' होतं. त्याचे दात रक्ताने माखलेले होते. पश्चिमेला पळायला वाटही होती.

"मला वाटलं, ते आपलं वर्णन आहे," काका म्हणाले.

खरं सांगू, उंदराचं मला काही वाटत नाही. पण हे 'विशेष काही नाही' मी जन्मभर ऐकत आलेय. औषधाच्या खोक्यातला कागद, लग्नपत्रिका, दवाखान्यातले सहीचे फॉर्म. बँकेच्या एका पत्रातही विशेष काही नव्हतं, फक्त माझं कार्ड बंद होणार होतं. ज्याला दिसतं त्याला वाटतं, वाचण्यालायक काय ते आपणच ठरवावं. माझा एनव्हीडीए मख्ख आवाजात स्वल्पविरामसुद्धा वाचतो, पण जायंट गाळत नाही.

गेमवाल्यांना मेल केला. अत्यंत नम्र उत्तर आलं: कृपया अडचणीचा स्क्रीनशॉट पाठवा आणि सोबतचा फॉर्म भरा. फॉर्मच्या तळाशी, आपण रोबो नाही हे सिद्ध करायला, सिग्नल असलेली चित्रं निवडायची होती. ऐकायचा पर्याय नव्हता. पुन्हा काकांना हाक मारली.

"खांब सिग्नलमध्ये धरायचा की नाही?" काका.

"धरा."

धरला. नापास. नवी चित्रं आली. खांब सोडला. नापास. पुढच्या चित्रांत अर्धाच सिग्नल होता. त्यावर काकांनी बराच विचार केला आणि तिथेही नापास झाले. उभी हयात लोकांच्या सह्या पडताळण्यात घालवलेला माणूस, चांगलाच तापला.

"कागद दे," ते म्हणाले. "मी रोबो नाही असं सही-शिक्क्यासकट लिहून देतो. पाठवायचं कोणत्या शाखेत?"